हेक्टिक्स : पाचगणीतल्या एका अल्पायुषी बँडची हकिगत

२०२५ साली १८, १९ आणि २१ जानेवारीला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये 'कोल्डप्ले' या ब्रिटिश रॉक बँडचे कार्यक्रम झाले. तिकिटांसाठी देशभरातून झालेली झुंबड वाचकांना आठवत असेल. मी तिकीट काढले नव्हते. पण आमच्या इमारतीच्या गच्चीवरून स्टेडियमचे दिवे दिसतात आणि वाऱ्याची दिशा बरी असली तर आवाजही येतो. दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमाला माझ्या एका दिवंगत मित्राची मुलगी गेली होती. परतताना ती आमच्याकडे जेवायला थांबली. जेवता जेवता तिने विचारले, "काका, बाबा आणि तुम्ही वाशीला बँड काढला होता ना? बाबा वाजवायचे म्हणजे नेमकं कसं वाजवायचे? एखादी कॅसेट असेलच की."

आम्ही त्याला बँड नव्हे, ऑर्केस्ट्रा म्हणत असू. १९८८ ते १९९१ अशी तीन वर्षे सिडकोच्या वसाहतींतले गणपती, हळदी आणि सोसायट्यांची स्नेहसंमेलने आम्ही वाजवली. वाशीला लोकल १९९२ साली आली. त्याआधी आम्ही की-बोर्ड आणि काँगो एस.टी.च्या टपावर टाकून नेत होतो. एक कॅसेट भरली होती. पुढे मी स्वतःच त्या कॅसेटवर भाचीच्या बारशाचे पाळणे भरले. मित्र २०२१ साली गेला. त्याच्या वाजवण्याचा एक सेकंदही आज कुठे शिल्लक नाही. मुलीला मी हे सांगितले आणि ताटातले तसेच राहिले.

त्या रात्री मी कपाटातली एक जुनी फाइल काढली. एका दुसऱ्या अल्पायुषी बँडविषयी मी गेली काही वर्षे टिपणे करीत आलो आहे. त्याचेही एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. तरीही त्यातल्या पाचही वादकांची नावे, त्यांची वाद्ये आणि त्यांचे पुढे काय झाले हे सारे जगाला ठाऊक आहे. असे का झाले, आणि त्यामुळे त्या बँडची गोष्ट कशी वाकडी सांगितली गेली, हा या लेखाचा विषय आहे.

पाच मुले

पाचगणीच्या सेंट पीटर्स या मुलांच्या निवासी शाळेत १९५८ साली 'हेक्टिक्स' नावाचा बँड निघाला. गायक होता ब्रूस मरे. डेरिक ब्रांच गिटार वाजवी, फरांग इराणी बास, व्हिक्टरी राणा ड्रम्स. पियानोवर होता फारोख बुलसारा. दात पुढे असल्यामुळे मुले त्याला 'बकी' म्हणत. 'फ्रेडी' हे नावही त्याला याच शाळेत चिकटले. १९६२ पर्यंत, म्हणजे मुले शाळा सोडून पांगेपर्यंत, बँड चालला. पुढे या पियानोवाल्याने लंडनमध्ये स्वतःचे आडनाव बदलून मर्क्युरी केले आणि 'क्वीन' या बँडचा गायक म्हणून तो जगप्रसिद्ध झाला.

फारोखचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांजीबारला झाला. वडील बोमी बुलसारा तिथे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत, न्यायालयात खजिनदार होते. हे पारशी घराणे मूळचे बुलसरचे, म्हणजे आजच्या वलसाडचे. आडनावही त्यावरूनच आलेले. वयाच्या आठव्या वर्षी मुलाला बोटीने हिंदुस्थानात शिकायला धाडले गेले. सुटीत तो मुंबईतल्या नातेवाइकांकडे राही. शाळेत तो पियानो शिकला आणि चौथ्या श्रेणीपर्यंतची परीक्षा उत्तीर्ण झाला. रेडिओवर एकदा ऐकलेले गाणे तो लगेच पियानोवर काढून दाखवी, ही त्याच्या वर्गमित्रांची एकमुखी आठवण आहे.

हेक्टिक्स निघाला तेव्हा पाचगणी द्वैभाषिक मुंबई राज्यात होती, आणि बुलसरही त्याच राज्यात होते. बँड मध्यावर आला तेव्हा, १ मे १९६० रोजी, महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. बँड निघण्याच्या आदल्या वर्षी, ३० नोव्हेंबर १९५७ रोजी, पंडित नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला गेले, तेव्हा वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटात संयुक्त महाराष्ट्र समितीची निदर्शने झाली. घाटाच्या पायथ्याच्या वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी होते. १९६० साली स्थापन झालेल्या राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाचे ते पहिले अध्यक्ष. मराठी विश्वकोशाचे काम याच वाईतून पुढे उभे राहिले. वाई ते पाचगणी हे अंतर जेमतेम बारा-तेरा किलोमीटर आहे. त्या एका घाटरस्त्याच्या खाली आणि वर, एकाच काळात, एकमेकांना ठाऊक नसलेली दोन जगे नांदत होती.

नाव आणि गाव

'हेक्टिक' या इंग्रजी शब्दाचा आजचा अर्थ धांदलीचा, धावपळीचा. मुलांच्या मनात तोच असणार. पण या शब्दाचा जुना अर्थ वैद्यकातला आहे. क्षयरोगात दररोज चढणारा ताप आणि त्यामुळे गालांवर येणारी लाली यांना युरोपातले वैद्य शेकडो वर्षे 'हेक्टिक' म्हणत आले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ अंगी मुरलेला, सवयीचा झालेला.

हा जुना अर्थ मला शब्दकोशात सापडला तेव्हा मी थबकलो, कारण पाचगणी हे गावच क्षयाच्या रुग्णांमुळे वाढलेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जॉन चेसन या इंग्रजाने हे ठिकाण हवापालटासाठी वसवले. महाबळेश्वरच्या मानाने इथे पाऊस बेताचा, त्यामुळे बारा महिने राहता येई. उंची सुमारे १,३०० मीटर, हवा कोरडी. ज्या हवेसाठी रोगी येत, त्याच हवेसाठी शाळा आल्या. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली इथे 'बेल-एअर' हे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम सुरू केले. पारशी कुटुंबांचे बंगले, त्यांची आरोग्यधामे आणि त्यांची मुले असलेल्या शाळा हे सारे एकाच डोंगरमाथ्यावर शेजारी शेजारी होते. झांजीबारच्या पारशी जोडप्याला आपला मुलगा पाचगणीला ठेवावासा वाटला, त्यामागे ही समाजाची जुनी वहिवाट आहे. नावाचा हा योगायोग मुलांनी जुळवलेला नाही, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

गाणी कुठून आली?

घाटमाथ्यावरच्या वसतिगृहात अमेरिका-इंग्लंडची नवी गाणी पोचली कशी, याचे उत्तर आहे रेडिओ सिलोन. आणि रेडिओ सिलोन भारतात घरोघर पोचला, त्याला अप्रत्यक्षपणे एक मराठी माणूस कारण झाला.

बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीत हीच देशाची खरी ठेव, असे त्यांचे ठाम मत. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी सुई फिरवून कोलंबो लावले. १९५२ च्या अखेरीस तिथे 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि तिच्या जोडीने इंग्रजी गाण्यांचे कार्यक्रमही हिंदुस्थानभर ऐकू येऊ लागले. आकाशवाणीने १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून हिंदी गाण्यांचा श्रोता काही अंशी परत आणला; इंग्रजी गाण्यांचा श्रोता मात्र कोलंबोलाच राहिला. हेक्टिक्सची चार वर्षे जवळजवळ संपूर्णपणे केसकरांच्या कारकिर्दीत येतात. मंत्र्यांनी अभिजात संगीत रुजवण्यासाठी जे दार लावले, त्याच्या शेजारच्या खिडकीतून रॉक अँड रोल आत आले.

ही मुले लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो, एल्विस प्रेस्ली आणि क्लिफ रिचर्ड यांची गाणी वाजवीत. पहिले तिघे अमेरिकेचे. चौथा इंग्लंडचा पहिला मोठा रॉक गायक. पण त्याचे खरे नाव हॅरी वेब आणि जन्म लखनौचा, १९४० सालचा. स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये, त्याचे कुटुंब इंग्लंडला गेले. म्हणजे पाचगणीत शिकणारी मुले ज्याची ब्रिटिश म्हणून नक्कल करीत होती, तो स्वतः दहा वर्षांपूर्वी हिंदुस्थानातूनच तिकडे गेला होता. त्याच सुमारास इकडे सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, 'आशा' (१९५७) या चित्रपटात किशोरकुमारकडून रॉक अँड रोलच्या ठेक्यावरचे गाणे गाऊन घेत होते. तेव्हा 'पाश्चात्त्य संगीत इथे उपरे होते' हे आपले नेहमीचे वाक्य या चार वर्षांना लागू पडत नाही.

चहाची पेटी

फरांग इराणी जे बास वाजवी ते दुकानात मिळणारे वाद्य नव्हते. ते चहाच्या खोक्याचे बनवलेले होते. पूर्वी आसाम आणि सिलोनचा चहा प्लायवूडच्या चौकोनी पेट्यांतून परदेशी जाई. अशी रिकामी पेटी उपडी ठेवायची, मधोमध भोक पाडून त्यातून एक दोरी ओवायची, आतून गाठ मारायची आणि दुसरे टोक झाडूच्या दांड्याला बांधायचे. पाय पेटीवर रोवून दांडा मागे ताणला की सूर चढतो, सैल सोडला की उतरतो. यल्लमाच्या जोगत्यांचे चौंडके याच तत्त्वावर बोलते. फरक इतकाच की तिथे लाकडाऐवजी चामडे असते.

इंग्लंडमध्ये महायुद्धानंतरच्या टंचाईच्या काळात या पेटीने एक लाटच आणली. लॉनी डॉनेगन या गायकाची गाणी १९५६ मध्ये गाजली आणि गिटार, कपडे धुण्याची खरबरीत फळी व चहाची पेटी एवढ्या सामग्रीवर हजारो शाळकरी मुलांनी बँड काढले. या प्रकाराला 'स्किफल' म्हणत. लिव्हरपूलला जॉन लेननने शाळेत असताना काढलेला 'क्वारीमेन' हा असाच एक. 'बीटल्स' त्यातूनच पुढे निघाले. स्किफलचे बहुतेक बँड वर्षा-दोन वर्षांत मोडले. पण ब्रिटिश रॉकची पुढची पंचवीस वर्षे ज्यांनी गाजवली, त्यांतल्या अनेकांनी सुरुवात या लाकडी पेटीपासून केली आहे.

आपल्याकडेही कारण पैशाचेच होते. १९५७ नंतर परकीय चलनाची टंचाई झाली आणि आयातीवर निर्बंध कडक झाले. विलायती गिटार किंवा ॲम्प्लिफायर शाळकरी मुलांच्या आवाक्यापलीकडचे. पेटी मात्र वाण्याकडे मिळे. मजा अशी की त्याच काळात आकाशवाणीवर दुसऱ्या एका पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, १९४० पासून बंदी होती. ती वाजवली तर भारतीय संगीताचे सूर बिघडतात म्हणून. दिल्लीत पेटी बंद आणि पाचगणीत पेटी चालू, असा तो काळ.

रंगमंच

हेक्टिक्सचे कार्यक्रम शाळेचे समारंभ आणि आनंदमेळावे यांपुरतेच होते. पाचगणीत मुलींच्याही निवासी शाळा होत्या, आणि त्यांतल्या मुली कार्यक्रमाला आल्या की पडद्यावरच्या इंग्रजी चित्रपटांत पाहिलेले ओरडणे ओरडत. छायाचित्रांत ही मुले पांढरे शर्ट, बारीक टाय आणि तेल लावून चापून बसवलेले केस अशा थाटात दिसतात. मध्यमवर्गीय, शिस्तीच्या शाळेतली ती मुले आहेत. बंडखोरी जी काय होती ती केसांच्या कोंबड्यापुरती.

फारोख पियानो बडवी आणि मागून साथीला गाई. समोर उभा राहून गाणारा ब्रूस मरे होता. ही साधी गोष्ट मी मुद्दाम लिहितो आहे, कारण लोकप्रिय लेखनात हेक्टिक्सचा उल्लेख 'फ्रेडी मर्क्युरीचा पहिला बँड' असाच येतो. १९६० साली त्याला कोणी असे म्हटले नसते. तो पाच मुलांचा बँड होता आणि त्यातला पियानोवाला लाजाळू होता. पुढची कीर्ती मागे फिरून आली आणि तिने छायाचित्रातल्या मुलांच्या जागा बदलल्या. कडेचा मुलगा मध्ये आला, मधला कडेला गेला. फारोख लता मंगेशकरांच्या गाण्याने प्रभावित होता, असाही उल्लेख अलीकडे सर्रास छापला जातो. आपल्याला तो सुखावतो, यात शंका नाही. पण हेक्टिक्स वाजवीत होते त्या गाण्यांत त्याची खूण नाही. एखाद्या मोठ्या माणसाला आपल्या अंगणात ओढून आणण्याची घाई संशोधनाला परवडत नाही.

मोडलेले बँड

१९६२ नंतर मुले पांगली. फारोख १९६३ मध्ये झांजीबारला परतला. १२ जानेवारी १९६४ रोजी तिथे क्रांती झाली, अरब सुलतानाची सत्ता उलथली, आणि अरबांबरोबर हिंदी वंशाच्या लोकांवरही हल्ले झाले. बुलसारा कुटुंब हातात मावेल तेवढे घेऊन इंग्लंडला गेले आणि लंडनजवळच्या फेल्थममध्ये राहू लागले. फारोखने ईलिंगच्या कलाशाळेतून १९६९ मध्ये पदविका घेतली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो लिव्हरपूलच्या मुलांच्या 'आयबेक्स' या बँडमध्ये गायक म्हणून गेला. दोन-तीन महिन्यांत त्याचे नाव 'रेकेज' झाले आणि वर्ष संपता संपता तो मोडला. मग १९७० च्या आरंभी 'सावर मिल्क सी' नावाचा बँड; तोही काही आठवड्यांतच विस्कटला. या बँडांना ना तबकडी मिळाली, ना पैसा. एप्रिल १९७० मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्या 'स्माइल' या बँडचा गायक सोडून गेला, तेव्हा ती जागा फारोखने घेतली आणि बँडला 'क्वीन' हे नाव दिले.

ही यादी पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. क्वीनच्या आधीचा फारोखचा सर्वांत दीर्घायुषी बँड पाचगणीचाच. इंग्लंडमधले बँड महिन्यांनी मोजावे लागतात. हेक्टिक्स चार वर्षे टिकला. रोज एकाच घंटेला उठणारी, एकाच पंगतीत जेवणारी मुले होती म्हणून तो टिकला, आणि शाळा संपली म्हणून संपला. त्याला अपयश म्हणता येत नाही. वसतिगृहातल्या बँडचे आयुष्य शाळेच्या हजेरीपटाइतकेच असते.

उरलेल्या चौघांचे काय झाले? डेरिक ब्रांच इंग्लंडमध्ये नट झाला. 'ओन्ली व्हेन आय लाफ' (१९७९–१९८२) या रुग्णालयातल्या विनोदी मालिकेत त्याने परिचारकाची भूमिका केली. त्या पात्राचे नाव गुप्ते! 'माय ब्युटिफुल लाँड्रेट' (१९८५) या चित्रपटातही तो आहे. व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात गेला, सेनाधिकारी झाला आणि १९९९ च्या अखेरीस सायप्रसमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा प्रमुख झाला. फरांग इराणी हॉटेल व्यवसायात गेला. ब्रूस मरे इंग्लंडला स्थायिक झाला. फारोख बुलसारा २४ नोव्हेंबर १९९१ रोजी लंडनला, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, एड्सने गेला. त्याचे अंत्यविधी जरथुश्त्री दस्तुरांनी केले.

काय उरते

हेक्टिक्सविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, ते जवळजवळ सगळे १९९१ नंतर, फ्रेडी मर्क्युरीचे चरित्रकार या मित्रांना शोधत आले म्हणून ठाऊक आहे. कोणी विचारले म्हणून त्यांनी आठवून सांगितले. पाचातला एक प्रसिद्ध झाला नसता, तर चहाची पेटी, बारीक टाय आणि ओरडणाऱ्या मुली, यांतले काहीच कागदावर आले नसते. त्या दहा वर्षांत पाचगणी, देवळाली, माथेरान, पुणे, मुंबई इथल्या शाळा-कॉलेजांतून, वांद्रे-माहीमच्या वाड्यांतून असे कितीतरी बँड निघाले आणि मोडले. पुढे गिरगाव-दादरच्या ऑर्केस्ट्रांचेही तेच झाले. त्यांतल्या कोणाचा पियानोवाला जगप्रसिद्ध झाला नाही, म्हणून त्यांना कोणी विचारले नाही.

मराठीत संगीतावर उदंड लिहिले गेले आहे. घराणी, बंदिशी, नाट्यपदे, भावगीते, या साऱ्यांच्या वंशावळी आपल्याकडे आहेत. पण हौशी वादकांच्या, दोन-चार वर्षे टिकलेल्या जमावांच्या नोंदी नाहीत, आणि ज्या गावाच्या पायथ्याशी विश्वकोश घडला तिथेही त्या झाल्या नाहीत. यात दोष कोणा संस्थेचा नाही. असे बँड नोंद करण्याजोगे असतात, असे ते वाजवणाऱ्यांनाच वाटत नाही. आम्हालाही वाटले नव्हते.

फेब्रुवारीत मी दोनशे पानी वही आणली. आमच्या ऑर्केस्ट्रातले हयात असलेले चौघे शोधले. एक कोपरखैरण्याला, एक खारघरला, एक चिपळूणला, एक दुबईला. प्रत्येकाला तेच प्रश्न विचारले : आपण कुठे कुठे वाजवले, कोणती गाणी, कोणत्या पट्टीत, पैसे किती मिळाले, भांडण कशावरून झाले. चौघांच्या उत्तरांत मेळ बसत नाही, तिथे चारही उत्तरे लिहिली. मित्राच्या वाजवण्याविषयी मात्र चौघांचे एकमत निघाले : तो डाव्या हाताने ठेका कधी सोडत नसे आणि सम चुकली तर गायकाकडे न बघता स्वतःशीच हसे.

वहीची एक झेरॉक्स मी त्याच्या मुलीला दिली. तिने ती उभ्या उभ्याच चाळली, आणि डाव्या हाताची ओळ वाचून म्हणाली, "काका, ते जेवणाच्या टेबलावर बोटं वाजवायचे ना, ते हेच असणार." ही नोंद माझ्याकडे नव्हती. ती आता पान ४१ वर आहे.